चार, सहा, आठ सिलिंडर

लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करून भोवतालच्या सगळ्यांना गप्प करायचं. "चूप! ते बोलून राह्यलं." मग समोर मोटारीचा मालक असो, फौजदार असो की रस्त्यानं जाणारी बकरी असो. बकरी ऐकायची नाही. तिच्याकडे ते डोळे मिटूनच रागानं पाहायचे. डोळे मिटून रागानं पाहता येतं हे मला तिथं कळलं.

गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणत असे आणि इथंही तेच म्हणणार आहे. गावाचं नाव सांगत नाही. वाशीमच्या आसपासचं, तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडणारं एक गाव, एवढं पुरे. या हकिगतीत एक नगरपालिका येते आणि तिच्याबद्दल मला फारसं बरं बोलता येणार नाही.

त्या नगरपालिकेच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिलीच. वडिलांनी छप्पनच्या पाठोपाठ दीक्षा घेतलेली, त्यामुळे नवं नाव, नवा धर्म, नवी नोकरी, सगळंच नवं होतं. खोली शोधायला निघाले तेव्हा मात्र जुनंच सगळं भेटलं. चार घरांत आडनाव विचारलं. पाचव्या घरात आडनाव विचारायची लाज वाटली म्हणून गाव, आळी, मामाचं घर असं विचारत विचारत ते लोक तिथंच पोचले. सहावी जागा मिस्त्रींच्या गॅरेजमागची. त्यांनी एकच प्रश्न केला.

"आवाज चालंल काय? दिवसभर ठोकपीट राह्यते."

नंतर भानगड नको म्हणून मीच आपणहून आडनाव सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, झालं.

"मंग?" ते म्हणाले. "आवाज चालंल का नाई, ते सांगा ना बाप्पा."

ते माळ्याच्या घरातले. नाल्याकाठी भावांचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे. हे एकटेच तरुणपणी पळून फौजेत गेले, तिथल्या वर्कशॉपात इंजिनं शिकले आणि परत येऊन मंगरूळपीरच्या रस्त्यावर पत्र्याचं गॅरेज टाकून बसले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मळ्यात राबायच्या आणि बाजारात माळवं विकायच्या. घर त्याच चालवत होत्या. "सासू म्हने, पोरगा फौजेत जाऊन सुधरला," त्या मला सांगायच्या. "कायचा सुधरला बाई? लोकायचे नवरे दारू पेतात, हा रॉकेल पेते. अंगाले वास पाहा त्याच्या."

मिस्त्रींचा एक लाडका शब्द होता, खानदान. कुठलंही इंजिन आलं की म्हणायचे, "खानदान पाहा आधी, मंग हात लावा." मला त्या शब्दाचा राग यायचा. का यायचा ते तुम्हाला सांगायला नको. एकदा मी बोललेच. "मिस्त्री, पाच दारं फिरले मी याच शब्दापायी."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मानसाचं कायले पाहा लागते खानदान? मानसाचे पार्ट सारे जुयतेच. हे इंजनाचं हाय बाई. इंजनाचं नाई पाह्यलं तं फसते मानूस."

आणि मग ते स्वतःच फसले.

संस्थानिकांचे तनखे बंद झाले होते त्या सुमाराची गोष्ट. कुठल्याशा राजेसाहेबांच्या घरून विकायला निघालेली एक विलायती मोटार आमच्या गावच्या जिनिंगवाल्या शेठजींनी घेतली आणि ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. लांबलचक, काळी, आत खऱ्या लाकडाची नक्षी आणि चामड्याच्या गाद्या. पाहायला शाळा सुटली. कंपनीचं नाव सांगत नाही, पण तशी मोटार तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. इंजिन जाम होतं. दोन पिस्टन फुटलेले, व्हाल्व जळलेले. अकोल्याच्या मिस्त्र्यांनी हात जोडले होते. आमच्या मिस्त्रींनी पेचकस लावला, पण बंद इंजिन काय बोलणार? तरी ते बराच वेळ कान लावून बसले आणि शेवटी शेठजींना म्हणाले, "ठेवून जा."

मोटारीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी ते पुसून, कागदात गुंडाळून मिस्त्री माझ्या दारात उभे. "बाई, हे वाचून देसान काय?"

मला वाटलं, त्यात काय? मी बी. ए. झालेली. पहिलंच पान उघडलं आणि मला घाम फुटला. मला कविता समजत होत्या, कनेक्टिंग रॉड समजत नव्हता. मी एकेक शब्द धडपडत वाचायची, त्याचा जमेल तसा मराठी अर्थ सांगायची आणि मिस्त्री मान हलवून माझी चूक सुधारायचे. "दांडा नाई म्हनत बाई, रॉडच म्हना. समजलं मले." असं आमचं रोज शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत चालायचं. एक बाई गॅरेजात बसून रोज काय वाचते, याची गावात चर्चा झाली. वहिनींनी ती एका वाक्यात मिटवली. "पोथी वाचते. तुमी ऐकाले येता काय?"

त्या पुस्तकात एक प्रकरण असं आलं की मिस्त्री जागचे उठले. ते इंजिन एकटं नव्हतं, त्याचं अख्खं घराणं होतं. कंपनीनं एकाच आराखड्यावर तीन भाऊ केले होते. चार सिलिंडरांचं फौजी जीपगाड्यांसाठी, सहाचं या बड्या मोटारींसाठी आणि आठाचं मोठ्या ट्रकसाठी आणि आगीच्या बंबासाठी. आत जाणारी हवा घेणारे व्हाल्व वर डोक्यात, धूर सोडणारे बाजूला खालच्या ब्लॉकमध्ये, ही सगळ्यांची ठेवण. पिस्टन तेच, रॉड तेच, व्हाल्व तेच. फक्त ब्लॉकची आणि क्रँकची लांबी वेगळी.

"पुन्हा वाचा," मिस्त्री म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी खडूनं फरशीवर वर्तुळं काढली. चार, त्याखाली सहा, त्याखाली आठ. मग त्या वर्तुळांकडे पाहत कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. "राजाची मोटार, शिपायाची जीप अन् आगीचा बंब," ते म्हणाले. "पोटात पाहान तं एकच. काय डोस्क्याचा मानूस असंन बाई तो, ज्यानं हे केलं!" आणि एकदम माझ्याकडे वळून, "आपल्या नगरपालिकेचा बंब पाह्यला काय तुमी? आठ सिलिंडरचा हाय. विमानतळावरचा जुना, लिलावात घेतलेला. त्याचा आवाज म्या ऐकला हाय. तोच हाय हा!"

दुसऱ्या दिवशी मला बंब पाहायला घेऊन गेले. बंबाचा ड्रायव्हर म्हातारा होत आलेला, साधा माणूस होता. त्यानं इंजिनावरचं टोपण उघडून दाखवलं. धूळ पुसल्यावर खालच्या पट्टीवर पुस्तकातल्यासारखीच अक्षरं निघाली. मिस्त्रींनी त्या पट्टीवरून हात फिरवला. मला त्या दिवशी बंब आवडला, हे कुणाला सांगितलं नाही.

मग मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'महोदय, दोन पिस्टन पाठवावेत, इंजिन क्रमांक अमुक.' उत्तर यायचं, 'कृपया इंजिन क्रमांक कळवावा.' मी पुन्हा कळवायची. ते पुन्हा विचारायचे. सहा महिने गेले. दर पत्राला मिस्त्री पोस्टमनकडे असे धावायचे की वहिनी म्हणायच्या, "लगनात तं इतका नाई धावला." शेवटी पेटी आली. त्यांनी फौजेतून आणलेलं मापाचं यंत्र मऊ फडक्यातून काढलं, पिस्टनला लावलं, डोळ्याशी धरलं, पुन्हा लावलं. मग यंत्र फडक्यात बांधलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

पिस्टन मोठे होते. अगदी सुताभरानं. मी पुस्तक चाळत बसले तेव्हा मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडलं. पुढच्या काळात कंपनीनं याच घराण्याची नवी पिढी काढली होती. भोक जरा रुंद केलं आणि नावातला फक्त शेवटचा आकडा बदलला. बाकी अक्षर न् अक्षर तेच. मुंबईकरांनी ती पिढी पाठवली होती.

"एक आकडा," मिस्त्री म्हणाले. "एका आकड्यापायी सहा महिने! आन् हे पान तुमी आधी काहून नाई वाचलं?"

त्यांनी माझ्यावर आवाज चढवला ती एकच वेळ. मीही चिडले. "मी पुस्तकाच्या पहिल्या पानापासून वाचत होते. तुम्ही दर पान दोनदा वाचायला लावता!" दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर कोवळ्या वांग्यांची टोपली होती. माफी मागायची त्यांची पद्धत मळ्यातून यायची.

शेवटी चार सिलिंडरांचा भाऊ कामी आला. नांदेडकडच्या भंगारवाल्याकडे एक फौजी जीप पडली आहे असं कळलं. मिस्त्री दोन बस बदलून गेले आणि पोत्यात चार पिस्टन आणि मूठभर व्हाल्व घेऊन आले. माप तेच असलं तरी मोटारीच्या पिस्टनचा माथा जरा उंच होता, जीपच्या आणि बंबाच्या पिस्टनचा बसका, म्हणून त्यांनी चार जीपचे बसवले आणि उरलेल्या दोन जुन्यांचे माथे खरादीवर घासून कमी करून त्यांच्या बरोबरीला आणले. सहाही पिस्टनांचं वजन सारखं हवं. इतका बारीक काटा गावात एकाच माणसाकडे. ते सोनाराकडे गेले. सोनारानं सोनं बाजूला सारून पिस्टन तोलले, आणि त्याच्या दुकानात पाटल्या घ्यायला आलेल्या बायका तोवर ताटकळत बसल्या.

ती सुरू झाली तेव्हा मी शाळेतून येत होते. मिस्त्री मोटारीशेजारी नुसते उभे होते.

"कधी सुरू करणार?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात धरून मोटारीच्या मडगार्डवर ठेवला. पत्र्याच्या आत कुठंतरी खोल, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखं काहीतरी चाललं होतं.

"चालूच हाय," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

आता पुढचं मला आजही संताप न येता लिहिता येत नाही. त्याच दिवसांत पेट्रोल महागलं. एकदम इतकं की बुलेटवाले सायकलवर आले. शेठजी मोटार न्यायला आले, एक फेरी मारली, खूश झाले आणि खाली उतरून म्हणाले, "झकास मिस्त्री! आता असं करा, हे काढून टाका अन् डिझेलचं इंजन बसवा. ट्रॅक्टरचं बसंल ना?"

मिस्त्रींना आधी ती थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी समजावून पाहिलं. चार-सहा-आठचं सगळं घराणं सांगितलं. शेठजी सगळं ऐकून घेत म्हणाले, "तुमचं खरं हाय. पण पेट्रोल काय तुमचं खानदान भरते?"

"म्या हात नाई लावत," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या कुणीतरी लावला. मोटारीच्या पोटात ट्रॅक्टरचं इंजिन बसलं, आणि काढलेलं इंजिन शेठजींनी भंगार म्हणून गॅरेजसमोर टाकून दिलं. त्यानंतर शेठजींची ती मोटार गावातून जाऊ लागली की लोक मळणी सुरू झाली म्हणायचे. मिस्त्री त्या वेळी आत जाऊन बसायचे. ते सहा सिलिंडरांचं इंजिन त्यांनी लाकडी ओंडक्यांवर नीट ठेवलं, त्यावर पोतं घातलं. रोज सकाळी पोतं काढून त्याचा क्रँक हातानं एकदा फिरवायचे, जाम होऊ नये म्हणून. कशासाठी? मी विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडी गावाबाहेर कडब्याच्या गंजी पेटल्या. बंब गेला नाही. त्याचा एक पिस्टन तडकलेला आणि धुराचे तीन व्हाल्व जळलेले होते. तीन गंजी आणि एक गाभण म्हैस जळाली. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत गेले. "माह्याजवळ पार्ट हायेत. चालू इंजनातले. दोन दिवसात बंब उभा करतो."

ओव्हरसियर हसले. "शेठजीच्या मोटारीचे पार्ट बंबाला? डोकं फिरलं का मिस्त्री?"

मी अर्ज लिहून दिला. इंग्रजीत, पुस्तकातलं ते अख्खं पान उतरवून. खाली मिस्त्रींनी सही केली. मुख्याधिकाऱ्यांचा शेरा आला, 'सदर पुस्तक मोटारीचे आहे, बंबाचे नाही. पार्ट मुंबईहून मागवावेत.' मी तो शेरा मिस्त्रींना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला नाही, इतकं ते त्यांना लगेच कळलं.

रामनवमी आली. नगरपालिकेची निम्मी माणसं पोहरादेवीच्या यात्रेला गेली, कचेरी दोन दिवस बंद. मिस्त्रींनी सकाळीच सहा सिलिंडरांच्या इंजिनावरचं पोतं काढलं. मला वाटलं, नेहमीसारखा क्रँक फिरवणार. त्यांनी पाना घेतला आणि पहिला बोल्ट सैल केला.

"मिस्त्री, अहो!"

"बाई, आज काही बोलू नका," ते म्हणाले. "बोलान तं माह्यानं होनार नाई."

दोन वर्षं ज्यासाठी खपले ते इंजिन त्यांनी दुपारपर्यंत मोकळं केलं. जीपमधून मोटारीत आलेला एक पिस्टन आणि तीन व्हाल्व घेऊन बंबाच्या शेडमध्ये गेले. ड्रायव्हरनं कुलूप उघडलं. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत बंब सुरू झाला. मिस्त्रींनी पेचकस लावून ऐकलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "कोनाले सांगू नको. चालते तेच बस."

पंधरवडाही गेला नसेल, भर दुपारी शेठजींच्या जिनिंगमध्ये आग लागली. कापसाची आग काय असते ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. जिनिंगच्या भिंतीला लागून मजुरांच्या झोपड्यांची रांग होती. माझ्या वर्गातल्या चार मुली तिथं राहत होत्या. बंब आला. गंजीचा अर्धा कापूस गेला, पण भिंतीच्या अलीकडे आग आली नाही. मी त्या मुलींना घेऊन रस्त्यापलीकडे उभी होते. मिस्त्री बंबाच्या टोपणाजवळ, पाण्यात भिजत, कान लावून. माणसं ओरडत होती, बायका रडत होत्या, आणि ते डावा हात वर करून सगळ्यांना गप्प करू पाहत होते.

आता तुम्हाला वाटेल, सत्कार झाला असेल. आठ दिवसांनी ते एक कागद घेऊन आले. "बाई, वाचा."

नोटीस होती. नगरपालिकेच्या मालमत्तेत विनापरवाना फेरफार केल्याबद्दल खुलासा द्यावा आणि सदर इंजिन पूर्ववत करावे.

"पूर्ववत म्हंजे?"

"म्हणजे आधी होतं तसं."

ते विचारात पडले. "आधी तं बंद होतं."

"हो."

"मंग बंद करून द्या लागते काय?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. ते मात्र खरंच उत्तराची वाट पाहत होते.

चौकशी कचेरीत झाली. मुख्याधिकारी, ओव्हरसियर, ड्रायव्हर, मिस्त्री. आणि मी. मला बोलावलं होतं ते शाळेची इंग्रजीची शिक्षिका म्हणून, पुस्तकात काय लिहिलंय ते सांगायला. मिस्त्रींनी पहिल्याच वाक्यात ड्रायव्हरला बाजूला काढलं. "तो यात्रेले गेलता. कुलूप म्या तोडलं." ड्रायव्हर काही बोलायला गेला तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला.

मग ओव्हरसियरनी माझा अर्ज पुढे ठेवला. "हे इंग्रजी मिस्त्रीचं नाही साहेब. यामागं कोणीतरी शिकलेला माणूस आहे. आपल्याच नोकरीतला." ते माझ्याकडे पाहत नव्हते. पाहायची गरज नव्हती. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. घरी दोन भाऊ माझ्या पगारावर शिकत होते. मी अर्जावरच्या माझ्याच अक्षराकडे पाहिलं.

"मलेच येते इंग्रजी," मिस्त्री म्हणाले. "फौजेत होतो ना."

मुख्याधिकाऱ्यांनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "वाचा."

पानावर इंजिनाची उभी छेदाकृती होती. त्या चित्रावरून त्यांनी पान ओळखलं असणार. त्यांनी बोट ओळीवर ठेवलं आणि वाचू लागले. वाचत नव्हते हो, पाठ म्हणत होते. ज्या पानांना ते दोनदा, तीनदा वाचायला लावायचे ती सगळी त्यांच्या डोक्यात होती, माझ्या आवाजासकट. मी जिथं अडखळायची तिथं ते अडखळत होते. मी जिथं श्वास घ्यायची तिथं घेत होते. एका ठिकाणी ते 'गॉज' म्हणाले.

"गेज," मुख्याधिकारी म्हणाले. "गेज म्हणतात ते. काय बाई?"

तो उच्चार माझा होता. दोन वर्षं मी तो चुकीचा करत आले होते.

"हो," मी म्हणाले. "गेज."

"बाकी बरोबर वाचतोय?"

"बरोबर आहे."

त्या चौकशीत मी एवढंच बोलले.

निकाल असा लागला की ड्रायव्हरला जकात नाक्यावर बसवलं आणि मिस्त्रींना नगरपालिकेच्या आवारात पाय ठेवायला बंदी केली. बंब पूर्ववत करण्याचा हुकूम कायम होता, पण तो करायचा कुणी? बंद पाडायलाही मिस्त्री लागतो. तो हुकूम फायलीत राहिला आणि बंब चालत राहिला. सरकारी जिपा मात्र गॅरेजकडे यायच्या थांबल्या. सरकारी थांबल्या तशा हळूहळू खाजगीही थांबल्या. ओव्हरसियर कुणाकुणाशी काय बोलले कोण जाणे. मी चिडायची, अर्ज लिहायची, फाडायची. मिस्त्री एकाही अर्जावर सही करायचे नाहीत. "तुमचं अक्षर ओयखतात ते," म्हणायचे. वर्षाच्या आत त्यांनी गॅरेज बंद केलं आणि भावांच्या मळ्यात जाऊन राहिले.

मला अकोल्याला नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी मळ्यात गेले. ते कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत होते. वहिनींनी चहा केला. दोन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य मी कसंबसं बोलले. "मिस्त्री, त्या दिवशी मी उभं राहायला पाहिजे होतं."

"कुठी?"

"कचेरीत. सांगायला पाहिजे होतं की मी वाचलं, मी लिहिलं."

ते फावड्यावर रेलले. "तुमी उभ्या राह्यल्या असत्या तं मी कायले इंग्रजी बोललो असतो? एवढ्या मोठ्या सायबापुढं इंग्रजी बोललो बाई मी. गावात कोन बोललं हाय?" मग "एकच शब्द चुकला," म्हणाले आणि वाफ्याचं तोंड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला वाकले.

त्यानंतर तीन वर्षांनी वहिनींचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मिस्त्री गेले. चार ओळी होत्या, त्यातली एक मळ्यात यंदा कांदा बरा झाल्याची.

मी त्या गावात पुन्हा गेले ती फार उशिरा. रिसोडला एका लग्नाला जाताना बस त्या गावात थांबली आणि मी उतरले. गॅरेजच्या जागी सायकलींचं दुकान होतं. दुकानदार तरणा माणूस, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत होता.

"कोन पायजे बाई?"

"इथं एक मिस्त्री होते," मी म्हणाले.

"माह्या आधी असतीन."

मी निघणार होते. पाय उचललाही होता. मग काय झालं कोण जाणे, मी तिथंच उभं राहून सांगायला लागले. मोटार, जीप, बंब, एका आकड्याची चूक, सोनाराचा काटा, रामनवमी, आग, नोटीस, कचेरीतली चौकशी. कधी कुणाला सांगितलं नव्हतं इतकं सलग सांगितलं. माझी बस निघून गेली. त्यानं घमेल्यातली ट्यूब बाजूला ठेवली, हात पुसले आणि आतून स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं.

"म्हंजे त्याले इंग्रजी येतच नव्हतं?"

"नाही."

"मंग ते पुस्तक वाचत कोन होतं?"

"मी," मी म्हणाले. "मी वाचत होते. अर्जही मीच लिहिला होता."